खटका

दिवाळी अंकात बंदुकीवर लेख? विषय सांगितला तेव्हा अंकाच्या संपादकताई फोनवर क्षणभर गप्पच झाल्या. "बघा हं, मुलंही वाचतात," एवढंच म्हणाल्या. म्हणून आधीच सांगून टाकतो, या लेखात एकही गोळी सुटत नाही. बंदूक माझी नाही, मला ती चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. ही गोष्ट आहे बोटभर लांबीच्या एका लोखंडी खटक्याची. तो सैल झाला होता आणि तो घट्ट करता करता आमच्या घरातही एक खटका उडाला, त्याची.

आम्ही कनेटिकटमध्ये मेरिडन शहराच्या कडेला राहतो. एके काळी इथे चांदीच्या भांड्यांचे इतके कारखाने होते की मेरिडनला 'सिल्व्हर सिटी' म्हणत. आमच्या शेजारचे गृहस्थ अशाच एका कारखान्यात चमच्या-काट्यांचे साचे बनवायचे. आता ते ८६ वर्षांचे आहेत. आमच्या लेकीने लहानपणी त्यांना 'आजोबा' करून टाकलं, तेव्हापासून घरात ते आजोबाच. त्यांना मराठीतला हा एकच शब्द येतो, पण त्या हाकेला ते ओ देतात. गेली काही वर्षं त्यांचे हात थरथरतात. सुईच्या टोकाएवढी चूक पकडणारा माणूस आता कॉफीचा कप दोन हातांनी धरतो.

गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "तुझी कानस अजून चालते का?" मी विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग करण्यात ३० वर्षं घालवली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, हात शिवशिवत होतेच. "चालते की!" म्हणालो. मग त्यांनी काम सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक होती. बारा बोअरची. हा शब्द आपण गावाकडे लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा अर्थ मला इथे कळला. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि तशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरल्या, तर ती नळी बारा बोअरची. आजोबांची बंदूक 'पार्कर ब्रदर्स'ची, म्हणजे याच मेरिडन गावात बनलेली. या घराण्याचा मूळ पुरुष चार्ल्स पार्कर आधी कॉफी दळायच्या चक्क्या बनवायचा. १८६०च्या दशकात त्याच्या कारखान्यात दुनळी बंदुका बनू लागल्या आणि पुढे साऱ्या अमेरिकेत नावाजल्या गेल्या. १९३४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने हा धंदा विकत घेतला, काही वर्षांनी कामही न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्पादन थांबलं. आज या बंदुका जमवणारे लोक त्यांच्या नंबरांचा अभ्यास करतात. आजोबांची मात्र साधीच, 'व्हीएच' जातीची. नक्षीकाम बेताचंच.

आजोबांना ती व्हरमाँटमधल्या नातीला द्यायची होती. गेल्या वर्षी नात आली असताना तिला मातीच्या तबकड्या उडवायला घेऊन गेले. पहिल्याच बारानंतर नळ्यांखालचा लाकडी तुकडा सुटून गवतात पडला. या तुकड्याला फोरएन्ड म्हणतात. डाव्या हाताने बंदूक धरतो ती हीच जागा. पण तो नुसता हात ठेवायला नसतो. ही बंदूक काडतूस भरताना मधोमध मोडते. नळ्या पुढच्या बाजूला एका आडव्या खिळीवर फक्त अडकवलेल्या असतात आणि त्या तिथून निसटू नयेत हे काम फोरएन्ड करतो. तो नसताना बंदूक उघडली तर नळ्या सरळ हातात येतात. त्यांचा ओळखीचा बंदूक-कारागीर वारला होता आणि दुसऱ्याकडे वर्षभराची रांग होती.

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याला कारण माझे वडील.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल आणि दारात इंजिनांचे मोडके भाग घेऊन बसलेली माणसं. मी सातवी-आठवीत असताना राधानगरीकडचा एक शेतकरी पोत्यात गुंडाळून ठासणीची बंदूक घेऊन आला. रानडुकरं ऊस खाऊन टाकतात, घोड्याची कमान तुटलीय, तेवढी करून द्या म्हणाला. काम अर्ध्या तासाचं होतं. वडिलांनी पोतं उघडूसुद्धा दिलं नाही. "पाव्हणं, तुमच्याकडं परवाना आसंल. ह्येला हात लावायचा तर मलाबी सरकारी कागुद लागतोय, त्यो माझ्याकडं न्हाई." आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परवाना असलेल्या दुकानाचा पत्ता दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "काम येतंय म्हणून करायचंच आसं नसतंय."

म्हणून आधी इथला कायदा पाहिला. दुरुस्तीचा धंदा करायचा तर इथेही केंद्र सरकारचा परवाना लागतो. शेजाऱ्याची वस्तू त्याच्याच गराजमध्ये, त्याच्यासमोर, फुकट नीट करून देणं हा धंदा नव्हे. तरी मी माझ्या अटी घातल्या. बंदूक आमच्या घरात येणार नाही. काडतूस गराजमध्ये दिसता कामा नये. आणि काम फक्त खटक्याचं. नळ्यांचं आयुष्य किंवा काडतुसाच्या घराची लांबी यावर मी बोलणार नाही, कारण जुन्या बंदुकांत ती आजच्या काडतुसाला आखूड पडू शकते. चालवण्याआधी ते सगळं परवानाधारक कारागिराने तपासायचं. आजोबा म्हणाले, "तुझे वडील चांगले मेस्त्री असणार."

शनिवारी सकाळी त्यांनी कुलूप काढून बंदूक आणली, उघडली आणि दोन्ही नळ्यांतून मला खिडकीचा उजेड पाहायला लावला. रिकाम्या. मग काम सुरू झालं.

सैल वस्तू दिसली की सगळ्यात सैल दिसणाऱ्या जागी हात घालायचा मोह होतो. म्हणून आधी फोरएन्ड काढून ठेवला, नळ्या बंद केल्या आणि बंदूक कानाशी धरून हलवली. खिळीपाशी झीज असती तर तिथे बारीक खडखड ऐकू आली असती, आणि मग फोरएन्ड कितीही घट्ट केला तरी तो रोग झाकल्यासारखाच झाला असता. आवाज नव्हता. सुटलो.

या फोरएन्डचा खटका 'डीली अँड एज' पद्धतीचा आहे. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या डीली आणि एज या दोघांनी १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे जगभरच्या बंदुकवाल्यांनी तो उचलला. रचना सोपी आहे. नळ्यांच्या पोटाला एक लोखंडी कान टाक्याने बसवलेला असतो. फोरएन्डमध्ये बसवलेल्या लोखंडी पट्टीतल्या खाचेतून तो आत येतो. आतला आकडा त्या कानात अडकतो, मागून स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि बाहेरची लहानशी तरफ ओढली की आकडा सुटतो. आपल्या जुन्या ट्रंकेच्या कडीसारखंच म्हणा ना.

पट्टी लाकडातून काढताना पहिला धडा मिळाला. शंभर वर्षांपूर्वीच्या या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात. बाजारातला पेचकस घातला की खाच फाटलीच. आजोबांनी सांगितलं त्याप्रमाणे एक पेचकस घासून त्या खाचेच्या मापाचा केला. आत वाळून डिंक झालेलं तेल होतं. ते काढल्यावर स्प्रिंग मोकळी झाली आणि अर्धं दुखणं गेलं. उरलेलं अर्धं झिजेचं. पितळेची पातळ पट्टी आकडा आणि कान यांच्यामध्ये सरकवून पाहिली. दहा थाउची पट्टी घातल्यावर फोरएन्ड गच्च बसला. म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. एवढ्यासाठी तो गवतात पडला होता.

आजोबा म्हणाले, "राहू दे की ती पट्टी तिथेच." मी म्हटलं, "आणि ती नातीच्या हातात निसटली तर?" हातोडीने कान ठोकून फुगवणं हा दुसरा जुना जुगाड. पण तो कान टाक्याने बसवलेला, त्याला मार नको आणि उष्णता तर मुळीच नको. ताप नळ्यांपर्यंत गेला तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टीसुद्धा सुटू शकते. तेव्हा भर घालायची ती आकड्यावरच, कारण तो सुटा करून लांब नेता येतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याच्या तोंडावर वेल्डिंगचा तांदळाएवढा थेंब टाकून दिला. आता तो घासून मापात आणायचा होता.

मध्ये खंडेनवमी आली. उद्यमनगरात त्या दिवशी लेथ बंद, सगळी हत्यारं पुसून मांडलेली, झेंडूच्या माळा आणि दुपारी पेढे. इथे मी गराजमध्ये पाटावर माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि वडिलांची एक कानस मांडतो. या वर्षी हातात चालू असलेलं काम म्हणून तो आकडाही ठेवला आणि त्यावर एक फूल वाहिलं.

लेक त्या शनिवार-रविवारी घरी आली होती. ती २४ वर्षांची आहे आणि प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. "हे काय नवीन?" तिने आकडा उचलून विचारलं. मी सांगितलं. तिने तो पाटावर परत ठेवला, अगदी हळू.

१४ डिसेंबर २०१२ ला ती सहावीत होती. न्यूटाउनची सँडी हूक शाळा आमच्यापासून तासाभराच्या आत. त्या दिवशी तिथे २० लहान मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं मारली गेली. मी तिला शाळेतून आणायला गेलो तेव्हा गाड्यांची रांग होती आणि कोणीही हॉर्न वाजवत नव्हतं. आता तीच मुलांना कोपऱ्यात बसवून, दिवे घालवून, गप्प राहण्याचा सराव करून घेते. "सात वर्षांची मुलं, बाबा. एकाला खोकला येतो आणि तो तोंड दाबून माझ्याकडे बघतो. आणि तुम्ही फूल वाहताय."

मी म्हणालो की ही शिकारीची आहे, दोन काडतुसांची, वेगळी. "मला फरक कळतो," ती म्हणाली. मग मी म्हणून गेलो की माझा काय संबंध, मी आयुष्यभर विमानांचं काम केलं. हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच खटकलं. कारण ते अर्धंच खरं आहे.

आपण हार्टफर्डहून जाताना हायवेवरून जो निळा, ताऱ्यांचा घुमट दिसतो तो कोल्टच्या जुन्या बंदूक कारखान्याचा. एली व्हिटनीने १७९८ मध्ये सरकारला १०,००० बंदुका द्यायचा करार केला, तो न्यू हेवनजवळच. एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे, ही कल्पना या भागात रुजली ती बंदुकांच्या निमित्ताने. फ्रान्सिस प्रॅट आणि अमोस व्हिटनी हे दोघे कोल्टच्या कारखान्यातच काम करत होते. बाहेर पडून त्यांनी यंत्रं बनवायची कंपनी काढली आणि १९२५ मध्ये त्याच कंपनीच्या पैशावर आणि जागेत विमानाची इंजिनं सुरू झाली. मी ज्या थाउंच्या हिशेबावर घर बांधलं, लेकीची फी भरली, तो हिशेब इथल्या लोकांनी आधी बंदुकीवर गिरवला होता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तर तुम्हीच विचारायला हवं होतं."

"काय?"

"त्या नातीच्या घरी मूल आहे का? आणि बंदूक ठेवायला कुलपाचं कपाट आहे का?"

मी आकडा कुठे किती झिजलाय हे काटेकोर मोजलं होतं. हे विचारलं नव्हतं.

त्या रात्री झोप नीट लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी तशाच डोक्याने कानस हातात घेतली. दोन घास जास्त मारले. बसवून पाहिलं तर फोरएन्ड पुन्हा हलायला लागला. पहिल्यापेक्षा कमी, पण हलायला लागला. वडील म्हणायचे, "कानशीनं घेतलेलं परत येत न्हाई." आजोबा खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. काही बोलले नाहीत, फक्त कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. तेव्हा मी त्यांना लेकीचा प्रश्न सांगितला.

त्यांचा चेहरा उतरला. नातीला चार वर्षांचा मुलगा आहे. कपाट नाही. "आमच्या लहानपणी ही दारामागे टेकवून ठेवलेली असायची," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आम्ही वाचलो, एवढंच." त्यांनी तिथूनच नातीला फोन लावला. बंदूक तिकडे जायची तर दुसऱ्या राज्यात परवानाधारक दुकानदारामार्फतच जावी लागते, हे त्यांना माहीत होतं. त्यात त्यांनी आपली एक अट जोडली. आधी कपाट येईल, भिंतीला बोल्ट होईल, त्याचा फोटो येईल, मग बंदूक निघेल.

आकडा पुन्हा वेल्डिंगला गेला. दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. पण आता आणखी एक अडचण. नेमकं कुठे टेकतंय हे पाहायला आम्ही फिटर लोक निळा रंग लावतो, तो माझ्याकडचा वाळून गेलेला. आजोबा म्हणाले, त्यांचे वडील रॉकेलच्या दिव्यावर भाग काळा करून बसवून बघायचे. काजळी! मी घरी गेलो आणि दिवाळीसाठी काढून ठेवलेल्या पणत्यांतली एक, तेल आणि वात घेऊन आलो. आमची आई एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायची, तीच युक्ती. थिनरचे डबे बाहेर ठेवले, पणती लावली आणि ज्योतीच्या टोकावर आकडा धरला. मखमलीसारखा काळा थर बसला. फोरएन्ड चढवला, काढला. जिथे कानाला टेकत होता तिथे काजळी पुसून टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत ठिपका. तेवढाच ठिपका घासायचा, पुन्हा काजळी, पुन्हा बसवायचं. पहिल्या दिवशी एक ठिपका, दुसऱ्या दिवशी तीन. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आकड्याचं सगळं तोंड एकसारखं टेकू लागलं. तोंडाला किंचित उतार ठेवला, म्हणजे पुढे झिजला तर आकडा थोडा आत सरकून पकड धरील. शेवटी तो भाग पुन्हा कठीण करून घेतला, स्क्रू बसवले आणि सगळ्या खाचा पहिल्यासारख्या एका रेषेत आणल्या.

धनत्रयोदशीला आजोबांनी बंदूक काढली. मी फोरएन्ड मागच्या बाजूने टेकवला, पुढचं टोक वर उचललं. खट्. एकच आवाज, कोरडा. आजोबांनी थरथरत्या हातांनी तो पकडून हलवून पाहिला आणि मान डोलावली. दाराशी लेक उभी होती, हातात चकली-करंजीचं ताट. कधी आली कळलं नव्हतं.

"आवाज चांगलाय," ती म्हणाली. मग आजोबांना विचारलं, "कपाट आलं?"

"शुक्रवारी येतंय. फोटो तुलाच पाठवायला सांगतो," ते म्हणाले.

"सांगा. पण मला अजून ती आवडलेली नाही हं, आजोबा."

"नको आवडू दे," आजोबा म्हणाले, आणि चकली उचलली.

हा लेख लिहीपर्यंत बंदूक त्यांच्या तळघरात कुलपातच आहे. ती काजळी धरलेली पणती मी तिथेच विसरलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहिलं तर आजोबांनी ती धुतली नव्हती, तशीच काळी, त्यांच्या पायरीवर लावून ठेवली होती.